ओलीचा हिशेब

मराठीत 'ओल' हा शब्द मोठा भाग्यवान आहे. जमिनीत ओल आहे असे कळले की शेतकरी पाभर बाहेर काढतो. नात्यात ओलावा आहे असे म्हटले की ती स्तुती ठरते. आणि अमुक कवितेत ओलावा नाही असे एखाद्या समीक्षकाने लिहिले, तर कवीला ते वाक्य पुढे कित्येक वर्षे विसरता येत नाही. कोरडेपणा हा या भाषेत बहुधा दोषच मानला गेला आहे. मात्र हीच ओल शेतातून उठून घराच्या भिंतीत शिरली, म्हणजे तिचा अर्थ पालटतो. भिंतीला लोणा लागला, कपड्यांना कुबट वास येऊ लागला, वहाणांवर बुरा चढला, पुस्तकाची पाने एकमेकांना चिकटली, हे सारे तक्रारीचे उद्गार होत. तरीही ही तक्रार कोणी फारशा गांभीर्याने ऐकत नाही. पावसाळा आहे, असे व्हायचेच, एवढे म्हणून माणसे आपल्या कामाला लागतात.

काशीसारख्या गावात तर हे उत्तर अधिकच सहज सुचते. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरातील गल्ल्यांत महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकात येथे विद्येची परंपरा उभी केली. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांच्या आश्रयाने येथे घाट आणि देवळे उभी राहिली, आणि त्यांच्या आसऱ्याने वस्ती वाढली. चुनारचा वालुकाश्म, लाखौरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळ भाजक्या विटा, आणि चुना-सुरखीचा गिलावा ही या जुन्या घरांची सामग्री. भिंती रुंद, मध्ये चौक, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की तळमजल्याला ऊन भेटते ते माध्यान्हीच्या आसपास, तेही घटकाभर. शेजारी गंगा. तिच्या पाण्याबरोबर काठाच्या जमिनीतले पाणीही वर-खाली होत राहते. हिंदीत ज्याला 'सीलन' म्हणतात, ती या घरांच्या पायातच असते. काशीतील मराठी माणसाच्या बोलण्यातही 'ओल' मागे पडून हा शब्द सहज येऊन जातो.

गंगेच्या पुराची नोंद होते. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरली जाते. ९ सप्टेंबर १९७८ रोजी पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते, हे दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत लिहून ठेवलेले आहे. २०१३, २०१६ आणि २०२२ या वर्षीही नदीने धोक्याची रेषा ओलांडली, आणि त्याच्याही तारखा उपलब्ध आहेत. पुराने गेलेली वस्तू 'अमुक साली गेली' असे सांगता येते. ओलीने गेलेल्या वस्तूला असे साल नसते. ती एका रात्रीत जात नाही. दर वर्षी थोडी थोडी जाते, आणि ती गेली हे कळते तेव्हा ती केव्हा गेली हे सांगणारे कोणी उरत नाही. ज्या हानीला तिथी नाही तिचे श्राद्धही घातले जात नाही. ओलीविषयीच्या उदासीनतेचे मूळ बहुधा येथेच आहे.

या संदर्भात कवींद्राचार्य सरस्वतींच्या ग्रंथसंग्रहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोदातीरावरून काशीस येऊन स्थायिक झालेल्या या संन्याशाने शहाजहानच्या दरबारी रदबदली करून काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर माफ करून घेतला, आणि त्याबद्दल पंडितांनी त्यांच्या गौरवाचा एक संग्रहच सिद्ध केला. त्यांचा ग्रंथसंग्रह विख्यात होता. फ्रेंच प्रवासी बर्निये याने त्याच शतकात काशीतील ग्रंथांनी भरलेल्या एका मोठ्या दालनाचा उल्लेख केला आहे, आणि तो ज्या प्रमुख पंडिताला भेटला ते कवींद्राचार्यच असावेत, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. आज तो संग्रह काशीत नाही. त्यांतील काही पोथ्या बिकानेरच्या राजसंग्रहात पोचल्या, तेथील कोरड्या हवेत राहिल्या आणि टिकल्या. काही अन्यत्र विखुरल्या. एकत्र असे जे उरले ती केवळ यादी. दोन हजारांहून अधिक ग्रंथनामांची ती यादी १९२१ मध्ये बडोद्याहून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. उरलेले ग्रंथ ओलीने गेले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ग्रंथ कोणत्याही मार्गाने जावोत, यादी मागे असेल तर काय गेले एवढे तरी कळते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. ज्या घरांतील पोथ्यांची यादी कधी झालीच नाही, त्यांच्या बाबतीत तेवढेही कळत नाही.

अशा गल्ल्यांतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. ते अमुक एका कुटुंबाचे घर नव्हे. त्या परिसरातील अनेक घरांत जे थोडेथोडे आढळते ते त्यात एकत्र आले आहे असे समजावे. तळमजल्यावर माजघराला लागून एक काळोखी खोली आहे. तिच्या भिंतीतल्या फडताळात लाल बासनांत बांधलेल्या शे-दीडशे पोथ्या आहेत. घरातले वडीलधारे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते संस्कृतचे निवृत्त अध्यापक आहेत. पावसाळ्यात त्यांना धाप लागते आणि रात्री खोकल्याने झोप येत नाही. डॉक्टरांनी खोलीतल्या बुरशीकडे बोट दाखविले आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वासाचे विकार बळावतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये खास मार्गदर्शिका काढून सांगितले. नाना मात्र ती खोली सोडायला तयार नाहीत, कारण पोथ्या त्या खोलीत आहेत. पोथ्या सरस्वती भवनाला देऊन टाकाव्यात, असे मुलाचे म्हणणे आहे. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेचा वारसा सांगणाऱ्या आणि आज संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे ते ग्रंथालय. तेथे एक लाखाहून अधिक हस्तलिखिते आहेत. नानांचे उत्तर ठरलेले: "मी आहे तोवर राहू दे." या दोन म्हणण्यांच्या मधला तोडगा म्हणून मुलगा एक यंत्र घेऊन येतो. त्याला डीह्युमिडिफायर म्हणतात.

या यंत्राचा आणि कागदाचा संबंध जन्मापासूनचा आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात अशी अडचण निर्माण झाली की दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि त्यामुळे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. ती सोडविण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील दमटपणा काबूत ठेवणारी योजना आखली. वातानुकूलनाचा इतिहास सामान्यतः तेथून मोजतात. माणसाला गारवा मिळावा हा हेतू पुढचा. पहिला हेतू कागद वाचविण्याचा होता.

यंत्राची रीत समजण्यास अवघड नाही. हवा जितकी उष्ण तितके अधिक बाष्प तिच्यात सामावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी बाष्परूपाने राहू शकते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, आणि १० अंशांना जेमतेम ९. उष्ण आणि दमट हवा थंड पृष्ठभागाला भिडली की जे सामावत नाही ते थेंब होऊन बाहेर पडते. पहाटे गवतावर दव पडते ते याच नियमाने, आणि हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या थंड भिंतीला पाझर सुटतो तोही याच नियमाने. यंत्रातला पंखा खोलीतली हवा ओढतो आणि थंड केलेल्या नळ्यांवरून नेतो. तेथे पाणी सुटून खालच्या टाकीत ठिबकते. मग तीच हवा गरम नळ्यांवरून जाऊन खोलीत परत येते. म्हणजे दव पाडण्याचे काम भिंतीकडून काढून यंत्राकडे सोपविले जाते. हवेत बुरशीचे बीजाणू नेहमीच असतात. त्यांना घालवून देता येत नाही. त्यांना रुजायला लागणारी ओल मात्र काढून घेता येते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी सहसा फोफावत नाही.

पहिल्या रात्री दारे-खिडक्या बंद करून यंत्र लावले जाते. सकाळी टाकी पाहून घर चकित होते. चार लिटर पाणी. सून म्हणते, "नाना, एवढं पाणी या खोलीत होतं?" खरा प्रश्न येथे सुरू होतो. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तरी त्या साऱ्या हवेत मिळून सुमारे ९०० ग्रॅम पाणी होते. आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणण्यासाठी त्यातले ३०० ग्रॅमच्या थोडे वर काढले की पुरे. टाकीत चार लिटर जमले, याचा अर्थ उरलेले पाणी रात्रभर कोठून तरी येत होते. ते दाराच्या फटीतून आले, कापसाच्या गाद्यांतून आले, माणसांच्या श्वासांतून आले, आणि भिंतीतून आले. यंत्राचा खरा उपयोग येथे दिसतो. ते घर कोरडे करते की नाही हा पुढचा भाग. आजवर जिची कोणी नोंद केली नाही त्या ओलीला ते लिटरांत मोजून दाखविते.

आणि मोजमाप आले की विवेक करावा लागतो. घरातले पाणी तीन वाटांनी येते. एक जमिनीतून विटांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे वर चढणारे. कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंत काळवंडते आणि वर क्षारांची पांढरी रेघ उमटते, ती त्याची खूण. दुसरे गळक्या छपरातून, फुटक्या नळातून किंवा शेजाऱ्याच्या मोरीतून उतरणारे. तिसरे घरातल्या माणसांनीच हवेत सोडलेले: स्वयंपाक, आंघोळ, आत वाळत घातलेले कपडे. या तिसऱ्या वाटेचा एक भाग सहसा लक्षात येत नाही. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाणी तयार होते, १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी बाष्प होऊन घरात मिसळते. डीह्युमिडिफायर समर्थ आहे तो या तिसऱ्या पाण्यापुरता. पहिली दोन चालू असतील तर तो रात्रंदिवस उपसत राहील, वीज जळत राहील, आणि भिंत जमिनीतून नवे पाणी पीत राहील. भोक बुजविल्याशिवाय नाव उपसावी, तसा हा प्रकार होतो.

कोणते पाणी कोठले हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ओल्या भिंतीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूने आले तर ते हवेतले. प्लॅस्टिकच्या मागे आले तर ते भिंतीतले. या घरात फडताळाच्या भिंतीवर थेंब मागे येतात, आणि स्वयंपाकघरात पुढे. मग घराच्या इतिहासातला एक निर्णय उजेडात येतो. काही वर्षांपूर्वी पोपडे पडतात म्हणून जुना चुन्याचा गिलावा खरवडून तेथे सिमेंटचा गिलावा केला होता आणि वर तैलरंग दिला होता. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट आणि तैलरंग तिला आत कोंडतात. कोंडलेले पाणी आणखी वर चढते. त्याच सुमारास पाऊस आत येतो म्हणून चौकावर पत्रा टाकला गेला. भिंत आणि चौक ही या घराची श्वास घेण्याची दोन ठिकाणे होती, आणि घराची काळजी म्हणूनच ती बंद करण्यात आली. यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जुनी घरे उपेक्षेने पडतात तशी न समजून केलेल्या डागडुजीनेही पडतात.

यंत्राबद्दल नानांची हरकत वेगळीच आहे. पोथीचा कागद एकदम वाळला तर तडकेल, अशी त्यांना भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही. वर्षानुवर्षे ओल प्यालेला कागद झपाट्याने वाळविला तर तो वाकतो आणि ठिसूळ होतो. भूर्जपत्र आणि ताडपत्र तर अधिकच नाजूक. ग्रंथसंरक्षणाचे जाणकार स्थैर्याला कोरडेपणाइतकेच महत्त्व देतात: आर्द्रता हळूहळू, कित्येक दिवसांत उतरवावी, आणि मग ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवावी. जुन्या लेखनिकांनाही आपल्या वैऱ्यांची ओळख होती. तेल, पाणी, सैल बंधन आणि मूर्खाचा हात यांपासून मला वाचवा, अशी विनवणी ते पोथीच्या अखेरीस पोथीच्याच तोंडून करीत. कसरीला दूर ठेवण्यासाठी कागदाला हरताळ लावणे, बासनात वेखंड किंवा कडुनिंबाची पाने ठेवणे, आणि पावसाळा सरला की आश्विनाच्या उन्हात पेटारे उघडणे, ही त्या विनवणीला दिलेली उत्तरे होत. त्यांत एवढीच सुधारणा आता सुचविली जाते, की ऊन पेटाऱ्याला आणि बासनाला द्यावे. पोथीला सावलीतला वारा द्यावा. बुरशी आलेले पान ओल्या फडक्याने पुसू नये. ते वाळल्यावर, नाकातोंडावर पट्टी बांधून, मऊ कुंचल्याने आणि शक्यतो मोकळ्या हवेत झाडावे.

या सगळ्यातून जो क्रम निघतो तो यंत्राच्या विक्रेत्याने सांगितलेला नसतो. पोथ्या प्रथम भिंतीतल्या फडताळातून काढून वरच्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेल्या लाकडी मांडणीवर न्याव्या लागतात. मग नळ आणि पन्हळ दुरुस्त होतात. मग सिमेंट खरवडून चुना परत येतो. हे काम खर्चाचे, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्याचे. चौकावरचा पत्रा वर उचलून चारी बाजूंनी वाऱ्याला वाट दिली जाते. स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा बसतो. यंत्र या मालिकेत येते ते आषाढापासून भाद्रपदापर्यंतचा जोडीदार म्हणून. त्यातही मर्यादा आहेत. ते हवा किंचित तापविते, त्यामुळे उकाडा वाढतो; त्याची जाळी धुवावी लागते; आणि पौष-माघात खोलीचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की थंड नळ्यांवर हिम धरून त्याचे काम मंदावते. भिंत सुकू लागली की आतले क्षार पृष्ठभागावर येतात, आणि काही आठवडे पोपडे पूर्वीपेक्षा अधिक पडतात. हे ठाऊक नसलेले घर त्याच वेळी धीर सोडते आणि पुन्हा सिमेंटवाल्याला बोलावते.

टाकी दर सकाळी रिकामी करावी लागते. हे काम कोणाचे, याचा निकाल घरात न बोलता लागतो. ते सूनच करते. "हे पाणी तुळशीला घालू का?" असे तिने विचारल्यावर नाना क्षणभर थांबून म्हणतात, "घाल. गंगेवरूनच आलंय ते." भिंतीवर लटकविलेल्या कागदावर ती रोजचा आकडा लिहू लागते. श्रावणात चार, साडेतीन, भाद्रपदात तीन, स्वयंपाकघरातला पंखा बसल्यावर दोन. पुरासाठी जे काम सरकारी नोंदवही करते, ते घरातल्या ओलीसाठी हा कागद करतो. नानांचा खोकला थांबत नाही, पण रात्री त्यांना झोप लागते.

परंतु या साऱ्या खटाटोपातून सर्वांत मोलाचे जे निष्पन्न होते, ते यंत्राच्या माहितीपत्रकात कोठेही नमूद नसते. पोथ्या वर हलविताना प्रत्येक बासन सोडावे लागते. कित्येक बासने दोन पिढ्यांत कोणी सोडलेली नसतात. काहींच्या आत नुसती एकजीव झालेली पानांची वीट निघते. तिचे नाव आता कोणालाही वाचता येणार नाही. बाकीच्यांची पहिली आणि शेवटची पाने नाना वाचून दाखवितात आणि नात शाळेच्या वहीत उतरून घेते: ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, पानांची संख्या, लेखनाचा शक, लेखनिकाचे गाव. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने देशभर असेच काम आरंभिले होते. ते अशा प्रत्येक फडताळापर्यंत पोचणे शक्य नव्हते. जी पाने वाचता येत नाहीत त्यांच्यापुढे, नानांच्या सांगण्यावरून, नात 'ओलीने गेले' असे लिहिते आणि पुढे वर्ष घालते. पोथ्या पुढे सरस्वती भवनात जातील की घरातच राहतील, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. मात्र तो ज्या दिवशी होईल त्या दिवशी काय दिले आणि काय ठेवले, हे त्या वहीतून सांगता येईल.